पोळ्याच्या दिवशी अडकलेलं हब

आधी काकाजींचं नाव घेतो. त्यांच्या मागोमाग काकूंचं, आणि समोरच्या घरातल्या बुवांचं. ही तीन माणसं त्या दिवशी आर्णीत नसती तर मी आज पिकअपच्या स्टिअरिंगवर नसतो. कुठे असतो, त्याचा मला विचारही करवत नाही. काय झालं ते सांगतोच, पण काकाजी कोण ते कळल्याशिवाय झालेलं कुणाला खरं वाटायचं नाही.

काकाजी म्हणजे माझे घरमालक. पूर्ण नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच दम दिलाय. "नाव-गिव छापू नको बरं कुठी. लोकं खोली मांगाले येतील, अन् मले मानूस पाहून घ्या लागते."

माणूस पाहून घ्यायची त्यांची तऱ्हा अशी. मी खोली बघायला गेलो तर खोली दाखवायच्या आधी मला पाटावर बसवलं. पुढ्यात ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी. स्वतः समोर उकिडवे बसून माझ्या हाताकडे टक लावून बघत राहिले. मला घास गिळवेना. शेवटी उठून आत ओरडले, "दोन्ही हातानं भाकर मोडते वं! घाबरट आहे, पन टाकून उठनारा नाई. राहू दे त्याले."

घाबरट म्हणाले ते खरंच होतं. मी जतकडचा. शाळा आठवीत सुटली, मग मामाच्या गॅरेजात पाने पुसता पुसता थोडं काम शिकलो, गाडी शिकलो. त्यानंतरची दोन कामं सुटली, दोन्ही वेळा चूक दुसऱ्याची होती, पण घरी ते कुणी ऐकून घेतलं नाही. तिसरं काम यवतमाळच्या एका कोंबडी व्यापाऱ्याकडे मिळालं. पहाटे यवतमाळहून एक दिवसाची पिल्लं भरायची आणि आर्णीच्या पुढच्या खेड्यांतल्या शेडवर पोचवायची. घरापासून इतका लांब मी कधी राहिलो नव्हतो. हे काम सुटलं तर घरी जायला तोंड नव्हतं, म्हणून मी सगळ्यालाच घाबरायचो. गाडीला, शेठच्या फोनला, रस्त्यातल्या म्हशीला. रात्री दोन-तीनदा उठून हँडब्रेक लागलाय का बघायचो. एकदा सकाळी पाहिलं तर चारी चाकांना कुणीतरी दगड लावून ठेवलेले. काकाजी दात घासत म्हणाले, "आता दगड जागतेत. तू झोपत जाय."

काकाजींकडे मोटरसायकल नाही, कधीच नव्हती. पण बैलबंडीवरून वावरात जाताना त्यांच्या डोक्यावर हेल्मेट असतं. उन्हाळ्यातसुद्धा, काच खाली करून. चौकात कुणी हसलं की बंडी थांबवून समजावून सांगतात, "कायदा डोक्याचा आहे, गाडीचा नाई. गाडी बदलली तरी डोकं तेच आहे नं?" काकूंचं यावर म्हणणं, "आतमंदी काई असतं त झाकाले मी बी नाई म्हटलं नसतं."

दुसरं वेड झडत्यांचं. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की गावोगाव झडत्या म्हणतात, सवाल-जवाबासारख्या, आणि शेवटी सगळे मिळून हर हर महादेवचा गजर करतात. बाकीचे लोक वर्षातून एकदा म्हणतात. काकाजी बारा महिने. वीज गेली की लाइनमनवर झडती, भाजीत मीठ जास्त झालं की काकूंवर झडती. माझ्यावरही एक केली होती:

"जतचं आलं पाखरू, बसलं माह्या आढ्यावर,
झोपेतही हात त्याचा कुलपाच्या कड्यावर."

गल्लीतली पोरं ती मला बघून म्हणायची. मला राग यायचा, पण खरं सांगायचं तर परमुलखात आपल्यावर कुणी चार शब्द जुळवावेत, याचं बरंही वाटायचं.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे बुवांशी असलेलं वैर. बुवा समोरच्याच घरात राहतात. वयाने बरोबरीचे, शेतही शेजारी. पोळ्याच्या रांगेत कुणाची जोडी पुढे उभी राहायची यावरून काही वर्षांपूर्वी दोघांचं बोलणं थांबलं, ते थांबलंच. पण शेजार होता, कामं अडायची. त्यामुळे काकाजी आपल्या ओट्यावरून निंबाच्या झाडाशी बोलायचे आणि बुवा आपल्या ओट्यावरून म्हशीशी. "निंबा, कोनाची तरी मोटर चालू राह्यली वावरात, पानी वाहून राह्यलं." तिकडून, "म्हशे, समजलं म्हना." बुवा लगेच सायकल काढून जायचे.

आता त्या दिवसाचं.

आमच्याकडे बैलांचा सण म्हणजे बेंदूर, आणि तो आषाढातच होऊन जातो. श्रावण संपताना शेठने विचारलं, "अमावस्येला लोड आहे, कोण जातो?" इथले सगळे ड्रायव्हर खाली बघायला लागले. मला वाटलं अमावस्येला घाबरतात. जन्मात पहिल्यांदा मी सोडून बाकीचे घाबरलेले बघितले आणि छाती काढून म्हणालो, "मी जातो." पोळ्याला या मुलखात पानटपरीही उघडत नाही, हे मला कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं मला सुचलं नाही.

पहाटे निघताना काकाजी बैल धुवायला काढत होते. "कुठी चालला बे आज?"

"पिल्लं टाकून येतो, काका. दुपारी हजर."

"आज?" म्हणाले, आणि माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी लग्नाच्या मांडवातून जेवायच्या आधीच उठून चाललोय.

पुढचं डावं चाक दोन-चार दिवस गुणगुणत होतं. शेठला सांगितलं होतं, शेठ म्हणाला होता पुढच्या आठवड्यात बघू. भरलेली गाडी घेऊन आर्णीजवळ आलो तसं गुणगुणणं थांबून जातं फिरल्यासारखी घरघर सुरू झाली, आणि जळका वास आला. उतरून चाकाच्या मधल्या हबला हात लावला तर चटकाच बसला. दुसरा कुठला दरवाजा ओळखीचा नव्हता. अगदी पावलापावलाने गाडी काकाजींच्या अंगणात आणून उभी केली.

गाडी चालू असली की खोक्यांच्या भोकांतून वारा खेळतो. उभी राहिली की आत वाफ धरते आणि पिल्लं एकमेकांवर चढून गुदमरतात. मी शेठला फोन लावला. दुसरी गाडी वणीच्या बाजूला गेली होती. शेठ म्हणाला, "दिवस मावळायच्या आत पिल्लं शेडवर पाहिजेत. मेली तर मले तोंड दाखवू नको, तिकडूनच आपल्या गावी जाय." आर्णीतल्या दोन-तीन गाडीवाल्यांना फोन केले. एकाने उचलला आणि हसून ठेवला. गॅरेजवाला मिस्त्री सासुरवाडीला होता, मागे घुंगरांचा आवाज येत होता. "उद्या पाहू भाऊ. उद्या बी नाई, उद्या पोळ्याची कर आहे. परवा ये." जे हत्यार लावून अडकलेलं हब ओढून काढतात तो पुलर त्याच्या कुलूपबंद शटरमागे होता.

काकूंनी दारातून चिवचिव ऐकली. पोळ्याच्या पुरणाचा हात तसाच घेऊन बाहेर आल्या, एका खोक्याचं झाकण उचललं आणि कुणालाही न विचारता हुकूम सोडला, "सारी खोकी ओसरीत आना. सावलीत. एकावर एक नाई ठेवाची." मग गल्लीतल्या बायांना हाका मारल्या. थोड्या वेळात चार-पाच जणी हातात सुपं घेऊन ओसरीवर बसून पिल्लांना वारा घालत होत्या. पुरणासाठी आणलेल्या गुळातला एक खडा पाण्यात विरघळला, आणि काकू एकेका पिल्लाची चोच त्यात बुडवू लागल्या. "पोळा बैलाइचा, अन् पंगत कोंबड्याइची. घ्या बापा, प्या."

मी चाक खोललं. ब्रेकचा जबडा सोडून बाजूला टांगला, टोपी काढली, पिन काढली, नट काढला. ज्यांनी कधी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चाक ज्यावर बसतं तो लोखंडी गाभा म्हणजे हब. तो आतल्या दांड्यावर, दोन बेरिंगांवर फिरतो. वंगण संपलं होतं, बाहेरचं बेरिंग तापून निळं पडलं होतं आणि दांड्यालाच चिकटून बसलं होतं. ते सुटल्याशिवाय हब येणार नव्हतं. नवीन बेरिंगचा जोड माझ्या सीटखाली होता. घाबरट माणसाच्या सीटखाली सगळं असतं. पण जुनं निघाल्याशिवाय नवीन कुठे घालणार?

घण घेतला आणि हबच्या मागून ठोकायला लागलो. तिसऱ्या-चौथ्या घावाला पलीकडे बैल बुजला. काकाजी त्याचं शिंग रंगवत होते, ब्रश शिंगावरून सुटून त्यांच्या गालावर फिरला. अर्धा चेहरा लाल घेऊनच ते माझ्यापाशी आले.

"काहून मारून राह्यला बे त्याले?"

"निघंना, काका. धरून बसलंय."

"मारल्यानं निघते का? तुले कोनी मारलं त तू निघतं का घरातून? अजून आत जातं." हबवर हात ठेवला, झटकन काढला. "तापलं आहे लय. त्याले वढा लागते. नीट, बरोब्बर समोर."

"ओढायला पुलर लागतो. तो गॅरेजात अडकलाय."

बघ्यांत बुवांचा पुतण्या होता. तो म्हणाला, "काकाजी, दोर बांधा अन् बैलजोडी लावा नं. एका झटक्यात येते."

काकाजी एवढे चिडले की अंगणातली चिवचिवसुद्धा क्षणभर थांबल्यासारखी वाटली. "आज? आजच्या दिवशी त्याइच्या खांद्यावर जू देतं? वरीसभर त्याइनंच वढलं नं तुह्यासाठी? लाज वाटत नाई काय?" मग माझ्याकडे वळले. माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला माहीत नाही. मी ओसरीकडे बघत होतो. काकूंनी एक पिल्लू खोक्यातून काढून बाजूला कापडावर ठेवलं होतं, आणि ते हलत नव्हतं.

काकाजी गोठ्यात गेले आणि जू खांद्यावर घेऊन आले. नव्या पांढऱ्या शर्टावर. "बैलाइले सुट्टी आहे," म्हणाले. "आज आपून वढू. मी डाव्या अंगाचा बैल. उजव्या अंगाले कोन येते?"

कुणीच पुढे येईना. हसत होते सगळे. काकाजींनी निंबाकडे तोंड केलं. "निंबा, या गल्लीत एक मानूस आहे. म्हने आपली जोडी पयली उभी राहाले पायजे. स्वतःचा खांदा लावाची येळ आली का मानूस घरात बसते."

समोरच्या ओट्यावर बुवा उठून उभे राहिले. म्हशीला म्हणाले, "म्हशे, त्याले सांग, उजवा बैल नेहमी जास्त वढते." आणि धोतराचा काचा मारत रस्ता ओलांडून आले.

मग सगळं काकाजींच्या तालावर झालं, पण गाडी माझी होती, म्हणून भीतीही माझी. जॅकवर असलेली गाडी बाजूने ओढली तर उलटते. मी हट्ट धरला, तेव्हा पुढच्या एक्सलखाली बाभळीचा ओंडका सरकवला, पलीकडून चेसिस जाड दोराने निंबाला बांधली, मागच्या चाकांना दगड लावले. चाक परत हबवर चढवून घट्ट आवळलं, म्हणजे दोर बांधायला जागा झाली आणि ओढ चारी बाजूंनी सारखी बसली. काढलेला नट मी शेवटच्या आट्यांवर परत चढवला.

"तो कायले लावला?" काकाजी.

"सुटलं तर एकदम तुमच्या अंगावर येऊ नये म्हणून."

"पाहा, घाबरट मानसाचा फायदा," ते बुवांना म्हणाले. निंबाला नाही, थेट बुवांना. बुवा फक्त हं म्हणाले.

बेरिंगच्या फटीत डिझेल सोडलं. काकूंनी चुलीवरचं उकळतं पाणी आणून हबवर ओतलं. "पुरनाचा कट नाई आनला बरं, तो मांगू बी नका," असंही बजावलं. काकाजी आणि बुवांनी दोर बांधलेलं जू खांद्यांवर घेतलं, त्यांच्या मागे दोराला पाच-सहा जण. मी चाकाशी.

पहिली ओढ फुकट गेली. दुसरीही. प्रत्येक जण आपापल्या वेळेला ओढत होता. कुणीतरी म्हणालं, "नाई निघत गा, सोडा." ओसरीवरून काकू ओरडल्या, "अहो, नुसतं कन्हत काय बसले! तुमची ती झडती म्हना नं, बाकी टायमाले त तोंड थांबत नाई!"

काकाजींनी दम घेतला, आणि लाल गालाने, जू खांद्यावर असताना, तिथल्या तिथे जुळवून म्हटली:

"गाडी अडली दारात, चाक सोडेना ठाव,
पाहुन्याचा जीव खोक्यात, ऐकून राह्यलं गाव,
दोन म्हातारे बैल जुपले, बैल खाते भाव..."

आणि सगळ्या गल्लीने आवाज दिला, "हर बोला हर हर महादेव!"

ओसरीवरच्या बायांनीही. त्या गजरावर सगळ्यांचे पाय एकदम रुतले, दोर तारेसारखा ताणला गेला आणि टक् असा बारीक आवाज झाला. दोराचा पीळ तुटला असं वाटून सगळे थांबले. बुवा म्हणाले, "गेला वाट्टे दोर." पुतण्या हसला. मी वाकून बघितलं. हबचं बेरिंग पुढे येऊन नटाला टेकलं होतं, आणि मागे दांड्यावर बोटभर चकाकती जागा उघडी पडली होती.

"सुटलं," मी म्हणालो. काकाजींनी त्याआधीच माझं तोंड बघून ओळखलं होतं.

पुढचं काम माझं होतं, ते मला येत होतं. दांडा पॉलिश पेपरने घासला, निळा डाग होता पण चीर नव्हती. नवीन बेरिंगं ग्रीस भरून बसवली, नट आवळून थोडा मागे घेतला, नवी पिन घातली. चाक हाताने फिरवलं तर आवाज न करता फिरलं. काकूंनी खोकी नुसती मोजून नाही, एकेक उघडून आतली पिल्लं दाखवून परत चढवली. कापडावरचं ते पिल्लूही त्यांच्या पदरात डोळे उघडून बसलं होतं. ते मात्र त्यांनी दिलं नाही. "हे माह्याच घरी राहीन. याचा पोळा इथं झाला."

गाडी सुरू केली तेव्हा काकाजी खिडकीशी आले. मला वाटलं काही मोठं बोलतील. म्हणाले, "सावकाश जाय. हात लावून पाहत जाय मधून मधून. अन् लवकर ये, तोरन तुटाच्या आत."

आत नाही पोचलो. शेडवर पिल्लं उतरवली तेव्हा ऊन कलत होतं. शेडवाल्याने दिव्याखाली पिल्लं सोडली, ती दाण्यावर धावली, आणि मी शेठला फोन केला. शेठ म्हणाला, "बरं. उद्याचा लोड लिहून घे." एवढंच. पण उद्याचा लोड म्हणाला. मी गाडीच्या मागे जाऊन तोंड धुतलं.

परत आलो तर बैल तोरणाखालून घरी आले होते. त्या वर्षी काकाजींची आणि बुवांची जोडी शेजारी शेजारी उभी राहिली, हे मला गल्लीतल्या पोरांनी सांगितलं. काकाजी ओसरीवर बसले होते. नवा शर्ट खांद्यावर फाटला होता आणि खाली लाल होतं, ते शिंगांच्या रंगाचं लाल नव्हतं. मी मेडिकलचं बंद शटर वाजवून मलम आणलं तर हात लावू देईनात. "बैलं लावतेत का मलम? जेवाले बस. दोन्ही हातानं मोड पोई, कोनी पाहत नाई."

पुढे शेठने मला चंद्रपूरच्या लाइनवर टाकलं. दोन गाड्या बघतो आता, एक पोरगंही हाताखाली आहे. आर्णीची खोली सोडली तेव्हा काकाजी घरात नव्हते. मुद्दाम वावरात गेले होते, असं काकू म्हणाल्या. अधूनमधून फोन करतो. परवा विचारलं, "काका, खांदा कसा हाय?"

"मस्त आहे. वर्षातून एकच दिवस दुखते."

"कधी?"

"पोळ्याच्या आदल्या दिवशी," म्हणाले, आणि खो खो हसून फोन ठेवला.

मला उमगायला वेळ लागला. पोळ्याच्या आदल्या दिवशी तिकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहिलेल्या जागी लोणी आणि हळद चोळतात, आणि कानाशी लागून सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.

तर काकाजी, हे काकू तुम्हाला वाचून दाखवतील, तेव्हा मधे झडती म्हणू नका, शेवटपर्यंत ऐका. यंदा जमलं नाही, लोड होता. पण एका पोळ्याच्या आदल्या दिवशी मी येणार. लोणी आणि हळद मी आणणार. तुम्हाला आणि बुवांना एका ओट्यावर बसवणार, डाव्या अंगाला कोण आणि उजव्या अंगाला कोण ते तुम्ही आपसात ठरवा. दोघांचे खांदे माझ्या हाताने चोळणार, कानाशी लागून आवतण देणार. आणि दुसऱ्या दिवशी काकूंनी चुलीकडे बघायचंही नाही. पुरण मी वाटणार, पोळ्या मी लाटणार, बिघडल्या तरी तुम्ही खायच्या.

फक्त तोवर दुखू दे खांदा. मी येतोय.